विमानात चढलेली भाकरी

एकदा एक गाव व्हतं, आन् त्याच्या डोक्यावरनं विमानं जायाची. गावचा माळ विमानतळात गेला, राहिली ती काळी रानं. त्यात शाळू ज्वारी पिकायची. मोत्यावानी दाणा, पण गिऱ्हाईक कुणी न्हाई. पोती घरात पडून. लोक म्हणायला लागलं, "औंदा बघू, न्हाईतर ज्वारी बंद."

त्या गावात एक म्हातारा आचारी व्हता. सगळी त्याला आबा म्हणायची. गावजेवण असलं की चुलीपुढं आबाच. त्याच्या हाताखाली शिकलेला गडी म्हणजे हरबा. हरबानं डोकं लावलं. विमानात जेवण पुरवणाऱ्या एका शेठला गाठलं आन् म्हणला, "आमच्या रानावरनं उडता, तर आमचं खाऊन उडा की!"

शेठला पटलं. हरबानं गावाला शब्द दिला, "तुमची ज्वारी विमानात चढवतो." आबा बी खुश झाला. म्हणला, "बरोबर हाय गड्या तुझं. परमुलखाचा माणूस इथं उतरतोय, त्याच्या तोंडात इथलाच घास पडावा."

पण विमानातलं जेवण आधी रांधून गार करत्यात आन् वर गेल्यावर परत तापवत्यात. गार भाकरीची पार वहाण झाली. शेठ म्हणला, "मैदा घाल." हरबानं घातला. "ठेच्यातला लसूण काढ, बंद विमानात वास कोंडतो." काढला. "तिखट कमी कर." केलं. "भाकरी डब्यात मावत नाही, वाटीएवढी थाप." थापली. शेवटी शेठ म्हणला, "तुमच्या ज्वारीचा रंग एकसारखा नाही. पीठ मी बाहेरून आणतो."

हरबानं गावाला शब्द तर ज्वारीचाच दिला व्हता. पण इतकं जमलंय, आता एवढ्यासाठी मोडायचं व्हय? त्यानं मान हलवली. आन् गावात येऊन गप बसला.

पहिला डबा घेऊन हरबा आबाकडं आला. झाकणावर नऊवारीतली बाई भाकरी थापत बसलेली, खाली गावाचं नाव. "खा आबा, तुमचीच विद्या हाय."

आबानं तुकडा तोंडात टाकला. लई वेळ चावला. मंग उठला, धोतर सावरलं, आन् उघडा डबा हातात धरून गल्लीत निघाला. एकेका दारात थांबून वरडायला लागला, "ही कुणाची हाय का बघा! चुकून आलीय! वळखा आन् घरात घ्या!"

चुकलेलं शेरडू दारात आलं की त्या गावात त्याला असंच दारोदार हिंडवत्यात. ज्याचं असंल तो वळखून दावं धरतो. बाया खदाखदा हसल्या. "आबा, म्हातारचळ लागला का ओ?" आबा हसला न्हाई. डबा पुढं केला. एकीनं नाक लावलं, "ह्याला वासच न्हाई की. दवाखान्यातनं आणलंय व्हय?" दुसरी म्हणली, "भाकरी हाय का पाव?" हरबाच्या सख्ख्या चुलतीनं तुकडा चावला आन् डबा माघारी सारला, "आमची न्हाई बया. पुढल्या दारात बघा."

हरबा मागनं मान खाली घालून चालत व्हता. "आबा, बास करा! भर गल्लीत माझी इज्जत काढताय व्हय?"

शेवटचं दार झालं तसा आबा पारावर टेकला.

"हरबा, शेरडाचा कान तुटला तरी धनी त्याला वळखतो, कारण जनावर तेच असतंय. तू लसूण सोडलास, तिखट सोडलंस, शेवटाला आपली ज्वारी बी सोडलीस, चावल्यावरच कळलं मला. दर टायमाला तुला वाटलं, एवढंच तर जातंय. आपलं खाणं विमानात जावं, हे खरंच हाय. जायालाच पायजे. पण गेलं काय? गावाचं नाव तेवढं गेलं. ज्वारी घरात पडलीय."

पीठ बाहेरचं हाय, हे गावाला तवा कळलं. हरबाला वाटलं, आता धरून हाणत्यात. हाणलं असतं तर बरं झालं असतं. पण कुणी हात उचलला न्हाई का शिवी दिली न्हाई. काय बोलावं असल्या माणसांला! एक जण पुढं झाला आन् म्हणला, "मंग हरबा, डबं भरायला माणसं लागत्याल का न्हाई?"

"माझ्या सुनंला घे की."

"ए, माझं आधी सांगितलंय मी!"

हरबानं आबाकडं बघितलं. आबानं डबा पारावर ठेवला आन् घरची वाट धरली.

हस्ताचा पाऊस झ्याक झाला, रानाला पेरणीजोगा वाफसा आला. पण त्या साली शाळू कुणी पेरला न्हाई. बाया सकाळी डबं भरायला जायच्या आन् सांजच्याला उरलंसुरलं तेच पोरांला घेऊन यायच्या. हरबाला सगळं कळलं व्हतं, आबा बोलला तवाच कळलं व्हतं. डब्यांची गाडी विमानतळावर तोच न्यायचा.