फुलपात्रात कळशी

एकदा एक अत्तराचा व्यापारी आपल्या सुनेला घेऊन एका वृद्ध आचार्यांच्या आश्रमात आला. सुनेचे वडील हाडवैद्य होते आणि निखळलेले सांधे बसवण्याची विद्या त्यांनी मुलीला दिली होती. ती सासरी आली, तसे रुग्णही तिच्यामागे आले. दुकानात गिऱ्हाईक मनगटावरचे गुलाबाचे अत्तर हुंगत असताना आतून कुणाचा तरी खांदा बसल्याची किंकाळी येई, आणि गिऱ्हाईक कुपी टाकून पळे. सुनेने हा उद्योग कायमचा सोडावा, एवढेच व्यापाऱ्याचे म्हणणे होते. सून म्हणत होती की वडिलांच्या पश्चात पंचक्रोशीत हे काम जाणणारी ती एकटीच उरली आहे. आचार्य सांगतील ते दोघांनी मानायचे, असे ठरले होते.

आचार्यांना फारसा विचार करावा लागला नाही. अशा प्रसंगांसाठी त्यांच्याकडे एक उपदेश तयारच असे. भांडणाऱ्या जावांना, रुसून माहेरी आलेल्या लेकींना, सगळ्यांना त्यांनी तोच दिला होता. पुरुषांना मात्र तो कधी मिळाला नव्हता, हे त्यांच्या तरुण शिष्येच्या ध्यानात आले होते.

"मुली, पाण्यासारखी हो," आचार्य सुनेला म्हणाले. "दगड हट्टी असतो. पाणी ज्या पात्रात जाईल त्याचा आकार घेते." आणि दाखवण्यासाठी त्यांनी शिष्येला पाणी व एक पात्र आणायला सांगितले.

शिष्येने काठोकाठ भरलेली कळशी आणली आणि पात्र म्हणून एक फुलपात्र. ते व्यापाऱ्यापुढे ठेवून ती ओतू लागली. पाणी कसे फुलपात्रासारखे झाले, हे आचार्य प्रसन्नपणे समजावत होते. फुलपात्र भरले. शिष्या ओततच राहिली. मध्येच तिने तळहाताने पाणी खाली दाबूनही पाहिले. ओघळ चटईवरून व्यापाऱ्याच्या रेशीमकाठी धोतरात शिरला.

"अगं पोरी, भरलंय ते," व्यापारी उठत म्हणाला.

"धीर धरा, शेठजी. सवय झाली की मावेल."

"मावेल कसं? कळशी केवढी, भांडं केवढं!"

शिष्येने कळशी खाली ठेवली आणि आचार्यांकडे पाहिले.

आचार्यांनी काठोकाठ भरलेले फुलपात्र जवळ ओढले. मग म्हणाले, "आजवर मी अर्धेच सांगत आलो. दगड आपला आकार सोडत नाही आणि आकारमानही सोडत नाही. वारा दोन्ही सोडतो. लोहाराच्या भात्यात दाबला की दबतो. पाणी आकार सोडते, पण जेवढे असते तेवढेच राहते. शेठजी, तुमच्या घरच्या वेळा, तुमच्या आमटीची चव ही मुलगी उचलेल. हातातली विद्या कमी कशी करेल? बुधलाभर अत्तर तुम्ही एका कुपीत भरायला जाता का?"

"मी काय वेडा आहे? दुसरा बुधला घेतो," व्यापारी बोलून गेला, आणि तिथेच थांबला.

धोतर पिळत त्याने सुनेला विचारले, दुकानामागची खोली पुरेल का.

"खोली नको, मामंजी. मागची पडवी द्या आणि तिकडून वेगळी वाट. ओरडणारे त्या बाजूनं येतील."

व्यापाऱ्याने सुस्कारा टाकला, आणि पडवीतले रिकामे बुधले कुठे हलवायचे याची दोघांची बोलणी परतीच्या वाटेवरच सुरू झाली.

ते गेल्यावर आचार्यांनी शिष्येला जमीन पुसायला सांगितले. तिने फडके आणले आणि त्यांच्याच हातात दिले. आचार्यांनी क्षणभर फडक्याकडे पाहिले, मग गुडघे टेकले आणि मुकाट्याने पुसू लागले.