चाकाची तीट

बाजार समितीचे माजी सभापती आप्पासाहेब घोरपडे बारशानंतर लेकीला, नातवाला आणि विहीणबाईंना घेऊन कराडला निघाले. गाडीला कालच नवे टायर बसवलेले. पण जरा वेग घेतला की स्टिअरिंग असं थरथरायचं, की विहीणबाईंनी काळजीने विचारलं, "आप्पासाहेब, हाताला कंप आहे का तुमच्या?"

आप्पासाहेबांचे कान तापले. त्यांनी गाडी तडक टायरवाल्याच्या दुकानाकडे वळवली आणि चारचौघांत त्याला झापायला सुरुवात केली.

टायरवाला इरफान चाकापाशी वाकला. "साहेब, चाकाचा तोल साधायला कडेला शिशाचे तुकडे लावले होते. ते कुठे गेले?"

"मीच काढले सकाळी. नव्याकोऱ्या चाकावर असले काळपट डाग? माझ्या वस्तूवर डाग मला खपत नाही."

एवढ्या मोठ्या माणसाला उलट कोण बोलणार? विहीणबाईंनी मात्र पदराचं टोक ओलं केलं आणि मांडीवरच्या नातवाच्या गालावरची तीट पुसायला घेतली.

"अहो, हे काय करताय?" आप्पासाहेब धावले. "राहू द्या ती. दृष्ट लागेल पोराला."

"नव्याकोऱ्या बाळावर काळा डाग तुम्हाला खपायचा नाही, म्हटलं," विहीणबाई शांतपणे म्हणाल्या.

हसू लपवायला लेकीने तोंड फिरवलं, आणि तेच आप्पासाहेबांना फार लागलं. सकाळपासून खिशात पडलेले शिशाचे तुकडे त्यांनी मान खाली घालून इरफानच्या हातावर ठेवले.

"लाव बाबा," ते पुटपुटले. "गाडीला माझीच दृष्ट लागली."