दिवाणावरचा पखवाज

"...मग याहून मोठा सबवूफर घेऊ का, बुवा?"

मुकुलने विचारलं खरं, पण त्याला उत्तर नको होतं, कौतुक हवं होतं. गाणं ऐकायची खोली त्याने मोठ्या हौसेने सजवली होती. कोपऱ्यात खोल घुमारा देणारी सबवूफरची काळी पेटी, मधोमध मापून ठेवलेली खुर्ची. त्याला लहानपणी पखवाज शिकवणारे दिगंबरबुवा आज पहिल्यांदाच घरी आले होते.

"या खुर्चीत बसा. पखवाज छातीत वाजतो."

बुवा खुर्चीत बसले नाहीत. भिंतीलगतच्या दिवाणावर, मुकुलच्या वडिलांशेजारी जाऊन टेकले.

"तात्यांशी मोठ्याने बोला हं," मुकुल हसत म्हणाला. "कान गेलेत त्यांचे. परवा पाहुण्यांसमोर म्हणाले, या पखवाजाला डावं अंगच नाही. सगळे हसले. कानाचं मशीन आणून दिलंय, तर लावत नाहीत."

तात्या आपली नखं बघत बसले.

मुकुलने पखवाजाची रेकॉर्ड लावली. बुवांनी डोळे मिटून ऐकलं... मग त्याला बोटाने जवळ बोलावलं आणि स्वतः उठून जागा करून दिली.

मुकुल दिवाणावर बसला. खोली झाल्यापासून पहिल्यांदाच.

उजव्या हाताची टणटण तेवढी येत होती. डाव्याचा घुमारा नव्हताच. तो उठून खुर्चीपाशी गेला, तर होता. परत येऊन टेकला, तर गेला.

"मोठी पेटी आणलीस तर खुर्चीत जास्त घुमेल," बुवा म्हणाले. "इथे तरीही यायचा नाही. एका कोपऱ्यातून खोली भरत नाही. लहान दोन घे, समोरासमोरच्या भिंतींना लाव. आवाज कमी ठेव."

मुकुलचे कान तापले. परवा सगळ्यांत आधी हसला होता तो स्वतःच.

"तात्या... मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं रे," तात्या हळूच म्हणाले.

मुकुलची मान शरमेने वर होईना. बुवांकडे बघवेना, तात्यांकडे तर नाहीच...

"उद्याच लहान दोन पेट्या आणतो, बुवा. मग होईल ना सगळं ठीक?"

बुवा दाराशी गेले. चपला पायांत सरकवल्या.

"घुमारा ठीक होईल."