तिची तिची टोपली

बांबूच्या बनाला लागून एक लहानसं गाव होतं आणि त्या गावात एक बुरडीण राहायची. तिच्या हातच्या टोपल्या अशा घट्ट, की बाजरी भरली तरी दाणा गळायचा नाही. तिला सात वर्षांची एक लेक होती, भारी हौशी. आईशेजारी बसून तीही टोपली विणायला लागली.

पोरीची टोपली एका अंगाला कललेली, मध्ये बोटं जातील एवढी फट. लोक हसतील, पोर हिरमुसेल, या काळजीने आईचा जीव खालीवर व्हायचा. म्हणून दुपारी लेक झोपली की ती हळूच सगळी वीण उसवायची, पुन्हा नीट विणून ठेवायची आणि पोर उठल्यावर तिचं तोंडभरून कौतुक करायची. मायाच ती, दुसरं काय. पण मायेलाही कधीकधी अक्कल कमी पडते.

चार दिवसांनी पोरीने बांबूच्या कामट्यांना हात लावणंच सोडलं. आईने लाडीगोडी लावली, गूळ देऊ केला, रागावूनही पाहिलं. पोर आपली उंबऱ्यावरून हलेना. हिचं मन या कामातून कायमचं उडालं तर, या विचाराने आई घाबरली.

शेवटी तिने लेकीला जवळ घेऊन विचारलं. पोर मान खाली घालून म्हणाली, "ती टोपली माझी नाही गं. माझ्या टोपलीला फट होती. मला येत नाही, म्हणूनच तू ती परत विणतेस ना?"

आईने सारवासारव केली नाही. "चुकलं माझं," ती म्हणाली. "आता तू बोलावल्याशिवाय तुझ्या टोपलीला हात लावणार नाही."

बोलणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी टोपली पुन्हा कलली आणि आईचे हात असे शिवशिवले, की तिने ते मांडीखाली दाबून धरले. पोरीने टोपली फिरवून फिरवून पाहिली, बराच वेळ पाहिली. मग स्वतःच तीन ओळी उसवल्या.

"आई, इथं मी जास्त ओढलं. तू किती ओढतेस, दाखव ना."

आईने स्वतःच्या टोपलीवर सावकाश दाखवलं. पोरीने आपल्या टोपलीवर करून पाहिलं. फट बुजली नाही, पण अर्ध्यावर आली. त्या दिवशी पोर जेवायलाही उठेना. आईने बसल्या जागीच तिला घास भरवले आणि टोपलीकडे बोट म्हणून केलं नाही.

तात्पर्य एवढंच: लेकराची चूक त्याच्या हातून काढून घेऊ नये, तिच्यातूनच ते शिकत असतं. आपण जवळ बसावं आणि हाकेला ओ द्यावी.