वादळ न चुकवणारा कोंबडा

“उद्या दुपारी पोशा नाखव्याची होडी जाळून टाका!” सागरकोटच्या राजा रणधवलाने फर्मान सोडले.

अपराध एवढाच, की वादळाचा नगारा वाजलेला असताना पोशाने होडी समुद्रात लोटली होती. परतला तो जाळेभर मासळी घेऊन. आकाशात ढगाचा मागमूसही नव्हता!

त्याची लेक चांगुणा दरबारात उभी राहिली. “महाराज, नगारा रोजच वाजतो. आम्ही खायचे काय?”

नगारा वाजवण्याची आज्ञा देणारे वृष्टिपंडित शंभुशास्त्री उसळले. “गेल्या वर्षी पाच वादळे झाली. त्यांतले एक तरी माझ्या इशाऱ्यावाचून आले काय?”

“एकही नाही!” राजाने मिशीला पीळ दिला. “पोरी, एकही वादळ न चुकवणारा दुसरा जाणकार उद्या सकाळी आणून दाखव. आणलास तर होडी तुझी. नाही तर तिची राख तुझी!”

रात्रभर चांगुणा तळमळली. पहाटे कोंबडा आरवला आणि ती अंथरुणातच हसली.

सकाळी ती दरबारात आली, ती कोंबडा बगलेत घेऊनच!

“हा जाणकार, महाराज! पाचही वादळांच्या दिवशी यानेही पहाटेच बजावले होते. विचारा साऱ्या कोळीवाड्याला!”

“अगं मूर्ख मुली,” शास्त्रीबुवा कडाडले, “हा तर रोजच आरवतो! वादळ असो वा लख्ख ऊन! असल्या इशाऱ्याची किंमत ती काय?”

“निकाल आपणच दिलात, शास्त्रीबुवा!” चांगुणाने मान लववली. “वर्षात वादळे पाच झाली, नगाऱ्याचे कातडे मात्र तीनदा फाटले. शिवाय माझ्या कोंबड्याच्या आरवण्याने कोणाची होडी अडकून पडत नाही!”

दरबारात खसखस पिकली. राजाने ओठ चावले. “बरे तर! यापुढे नगारा वाजूनही वादळ आले नाही, तर त्या दिवशी कोळीवाड्याला शास्त्रीबुवा जेवू घालतील!”

“मग ते नगारा वाजवायचेच नाहीत, महाराज! आणि खरे वादळ आले म्हणजे बुडणार आम्ही.”

“मग उपाय?”

“सोपा आहे. जेवणाचा हुकूम राहू द्या; शिवाय ज्या दिवशी नगारा वाजणार नाही, त्या दिवशी शास्त्रीबुवांनी आमच्या होडीत बसावे!”

राजा इतका हसला, की मुकुट कानावर आला. त्याने होडी तर सोडलीच, वर नवे शीड आणि हातातले सोन्याचे कडे चांगुणाला दिले.

शास्त्रीबुवा मात्र केव्हाच खिडकीशी जाऊन आकाश न्याहाळत होते. कित्येक दिवसांनी, अगदी मन लावून!