जीनगराचा प्रश्न

राजे घोड्यावर बसून लढाईला जात आणि लढाईच्या बातम्या पायी घरी येत, त्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी.

एका डोंगरी राज्याच्या राजधानीत राया नावाचा जीनगर राहत होता. घोड्यांची खोगिरं बनवणं हा त्याचा पिढीजात धंदा. त्याच्या हातची शिवण इतकी पक्की, की राजाच्या पागेतले स्वार त्याच्याच खोगिरासाठी अडून बसत. घरात तो, त्याची आई आणि धाकटा भाऊ लखू. वडील लवकर गेले, त्यामुळे लखूला रायानंच खांद्यावर घेऊन वाढवलं होतं.

लखूला खोगीर शिवण्यात रस नव्हता, त्यावर बसण्यात होता. तो पागेत शिकला, स्वार झाला आणि दसरा उलटल्यावर सीमेवरच्या लढाईला गेला. थंडी पडू लागली तेव्हा त्याचा घोडा एकटाच परत आला.

राया धावत पागेत गेला. त्यानं खोगीर उतरवून घेतलं. पोटाखालून आवळायचा तंग पाहिला, रिकिबी पाहिल्या, एकेक टाका बोटानं चाचपला. कुठं काही उसवलं नव्हतं. काही तुटलेलं सापडलं असतं, तर दोष कोणाला द्यायचा हे तरी कळलं असतं. खोगीर जसंच्या तसं होतं, फक्त त्यावरचा माणूस नव्हता.

तेव्हापासून रायाची झोप उडाली आणि त्याच्या मनाला एकच प्रश्न चिकटला. आपण जगतो ते कशासाठी?

त्यानं देवळातल्या पुराणिकांना विचारलं. ते हळहळून म्हणाले, "मागच्या जन्मीचं काही असेल." पण मागच्या जन्मीचा लखू रायाला ठाऊक नव्हता. त्याला या जन्मीचा हवा होता. शेजारी म्हणाले, "कामात मन घाल." त्यानं घातलं, पण कातड्यात सुई टोचताना त्याला वाटे, यावरही कोणीतरी बसून जाणार. आई म्हणाली, "देवाचं काहीतरी राहून गेलं असेल रे आपल्याकडून." तिनं सोमवार धरले. सगळे मायेनंच बोलत होते, पण त्यातलं काहीच रायापर्यंत पोचत नव्हतं.

त्याच सुमारास परदेशी घोड्यांचे व्यापारी वेशीबाहेरच्या सराईत उतरले. खोगिरांची मापं घ्यायला राया तिथं गेला. दुपार कलत होती. पलीकडच्या लहानशा मशिदीतून अजान झाली, तसे व्यापाऱ्यांनी हात-पाय धुतले आणि ओळीत उभे राहिले. तांड्याचा मालक आणि त्याचे घोडे राखणारा मोतद्दार खांद्याला खांदा लावून उभे होते. मग सगळे एकदम वाकले आणि सगळ्यांची कपाळं जमिनीला टेकली.

राया हातात मापाची दोरी घेऊन पाहत राहिला. एवढा मोठा मालक, पण त्या घडीला तो कोणीच नव्हता. आपल्यालाही असं कोणीच नसल्यासारखं होता आलं तर, असं रायाच्या मनात आलं. कितीतरी दिवसांनी त्याच्या छातीतली धडधड शांत झाली.

तो पुन्हा गेला, आणि मग जातच राहिला. त्या मशिदीचे इमाम इद्रिसबाबा म्हणून एक वृद्ध गृहस्थ होते. ते रायाशी त्याच्याच बोलीत बोलत. अल्लाह एक आहे, त्याला आकार नाही, त्याला जोडीदार नाही, त्यानंच दिलं आणि तोच परत नेतो, हे त्यांनी समजावून सांगितलं. नमाज कसा पढतात, रोजे कशासाठी धरतात, तेही सांगितलं. रायाला त्यातलं पुष्कळ पटे. आपण इकडंच यावं, असं त्याला वाटू लागलं.

पण मन एका जागी राहीना. मशिदीच्या ओट्यावर बसला की त्याला आईच्या पूजेतली घंटा ऐकू येई आणि आपण चोरी करतोय असं वाटे. घरी देवापुढं बसला की अजान आठवे आणि आपण खोटं वागतोय असं वाटे. आज सगळं लख्ख कळलं असं वाटावं, आणि उद्या काहीच कळत नाही असं व्हावं. आपण लखूला शोधतोय, देवाला शोधतोय, की नुसतेच फिरतोय, हेही त्याला सांगता आलं नसतं. घरी तो यातलं काही बोलला नाही. सराईत काम आहे, एवढंच सांगायचा.

असं करता करता वर्ष फिरलं. लखूचं वर्षश्राद्ध जवळ आलं. आई म्हणाली, "राया, तू थोरला भाऊ. पिंड तुलाच द्यायचाय. तयारीला लाग."

राया म्हणाला, "माझ्यानं नाही व्हायचं."

"का?"

तो उठला आणि तडक मशिदीत गेला. इद्रिसबाबा ओट्यावर चटई झाडत होते.

"बाबा, मला आत्ताच्या आत्ता कलमा पढवा," राया म्हणाला. "मला मुसलमान व्हायचंय."

बाबांनी चटई खाली ठेवली. "येणाऱ्याला मी अडवत नाही. पण इतके महिने येतोस, कधी घाई केली नाहीस. आजच काय झालं?"

रायानं श्राद्धाचं सांगितलं. "एकदा इकडं आलो, की मला ते करावं लागणार नाही."

"घरी आईला सांगितलंस?"

"नाही."

बाबांनी त्याला जवळ बसवलं. मग म्हणाले, "राया, माझाही मुलगा होता. हज यात्रेच्या गलबतावर गेला, ते गलबत परतलं नाही. तुला हे कधी सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस."

रायानं विचारलं, "मग तुमचं दुःख कसं गेलं?"

"गेलं कुठं? नमाजाला उभा राहिलो की तोच आठवतो. विसरायला मिळेल म्हणून तू येत असशील, तर आधीच सांगतो, इथं ते मिळत नाही."

"मग नमाज कशाला?"

"पूर्वी एकटा आठवायचो. आता अल्लाहपुढं उभा राहून आठवतो," बाबा म्हणाले. "मला तेवढं पुरतं. तुला पुरेल की नाही, मला माहीत नाही. आज घरी जा. आईला खरं सांग. आमचा दरवाजा उघडाच आहे, तो कोणी बंद करणार नाही."

रायाला राग आला, रडूही आलं. जिथं उत्तर मिळेल म्हणून आला, तिथल्याच माणसानं उत्तर नाही असं सांगितलं होतं. तो वेशीपाशी बराच वेळ बसून राहिला, आणि दिवेलागणीला घरी गेला.

त्यानं आईला सगळं सांगितलं. आई भिंतीला टेकून ऐकत होती. तिनं डोळ्यांना पदर लावला.

"एक गेला," ती म्हणाली. "आता दुसराही जाणार का?"

"मी कुठंही जात नाही, आई. मला फक्त कळत नाही."

"मला तरी कुठं कळतंय?" आई म्हणाली. "उपास करते, पूजा करते, पण त्याचं नाव काढायची भीती वाटते. तू उठून जाशील म्हणून."

घोडा एकटा आल्यापासून त्या घरात लखूचं नाव कोणी घेतलं नव्हतं. त्या संध्याकाळी दोघं त्याच्याबद्दल बोलत बसले. तो कसा हसायचा, कसा हट्ट करायचा, पहिल्यांदा घोड्यावरून पडल्यावर कसा रडलाच नाही. बोलता बोलता चूल पेटवायची राहून गेली.

शेवटी राया म्हणाला, "आई, मनात नसताना पिंड दिला तर लखूशी खोटं वागल्यासारखं होईल."

आईनं विचार केला. "मग चुलतभाऊ देईल. तू नुसता माझ्याजवळ बस."

राया बसला. ब्राह्मण मंत्र म्हणत होते, आई रडत होती आणि रायानं तिचा हात धरला होता.

त्यानंतरही तो मशिदीत जात राहिला, पण आता सांगून जाई. रमजान आला तेव्हा त्यानं रोजे धरले. गावात कुजबुज झाली. काहींनी त्याच्याकडचं काम बंद केलं. आई मात्र पहाटे उठून त्याच्यासाठी भाकरी थापायची. "दिवसभर पाणीसुद्धा नाही म्हणतोस, निदान पोटभर खाऊन घे," एवढंच म्हणायची.

ईद झाली. इद्रिसबाबांनी विचारलं, "आता पढायचा का कलमा?"

"अजून नाही, बाबा," राया म्हणाला. "एक-दोन गोष्टी अजून कळत नाहीत."

"त्यातली एखादी मलाही कळत नसेल," बाबा म्हणाले. "बस, बोलू."

राया घरी आला तेव्हा आई अंगणात वाट पाहत होती. "मिळालं का रे तुझं उत्तर?"

"नाही मिळालं," तो म्हणाला. "पण आता झोप लागते."

आईनं त्याला ताट वाढलं आणि आपलंही वाढून घेऊन ती त्याच्यासमोर जेवायला बसली.

बोध: देवाकडं जाण्यासाठी माणसानं मनाला पटेल तो रस्ता धरावा, पण आपल्या दुःखापासून आणि आपल्या माणसांपासून पळण्यासाठी तो धरू नये.