तिसऱ्या पिस्टनचा हट्ट

हँडल फिरवून मोटारीला जाग आणावी लागे, त्या काळातली ही गोष्ट. विसुभाऊ कर्णिकांनी घरच्या अंगणात आपल्या मोटारीचं इंजिन उघडलं आणि चारही पिस्टन रॉकेलने धुऊन चादरीवर ओळीने मांडले.

तिसऱ्या पिस्टनला पहिल्याचा फार हेवा वाटे. इंजिनात पहिल्याचं घर सगळ्यांत पुढे, पंख्याच्या वाऱ्याजवळ! विसुभाऊ चहाला आत गेले, तसा तो म्हणाला, "दादा, जरा सरक. आज जागा बदलू."

"अरे, इतकी वर्षं घासून आपण आपापल्या घराच्या मापाचे झालोय," पहिल्याने समजावलं. पण तिसरा ऐकेना. शेवटी पहिला कंटाळून बाजूला झाला आणि दोघांनी चादरीवरच्या जागा बदलल्या.

विसुभाऊंनी पिस्टनांवर खुणा केल्याच नव्हत्या. समोर दिसली त्या ओळीने त्यांनी ते बसवले. हँडल मारताच इंजिन सुरू झालं खरं, पण नव्या घराच्या भिंती तिसऱ्याला सोलून काढू लागल्या. "थांबवा हो, मेलो!" तो ओरडला. विसुभाऊंना नुसताच खडखडाट ऐकू आला. त्यांनी घाबरून इंजिन बंद केलं.

पुन्हा सगळं उघडावं लागलं. या वेळी विसुभाऊंनी प्रत्येक पिस्टन कुठे नीट बसतो ते पाहिलं, त्यावर खिळ्याने आकडा कोरला आणि मगच तो आत घातला. तिसऱ्याच्या अंगावर लांब ओरखडा उठला होता.

मोटार फाटकाबाहेर पडली, तेव्हा पहिल्याने पुढून विचारलं, "दुखतंय का रे?"

"दुखतंय थोडं," तिसरा वर-खाली होत म्हणाला, "पण दादा, इथे मी मावतोय."